पुराच्या गाळातून निघालेले फोटो: वाचवायचे कसे आणि ज्याचे त्याला पोचवायचे कसे?

शिवनदी (१ ऑगस्ट २०२१, रात्री ९.४०)

२२ जुलैच्या पुरानंतर चिपळुणात साफसफाई करणाऱ्या गटांना गाळात आणि रस्त्यावरच्या ढिगांत लोकांचे फोटो सापडताहेत. बाजारपेठ, मुरादपूर, पेठमाप, खेर्डी अशा निरनिराळ्या भागांतून आलेले फोटो मंडळाच्या खोलीत क्रेटमध्ये ठेवले आहेत. सुटे रंगीत फोटो, काळ्या पानांचे जुने अल्बम, लग्नाचे करिझ्मा अल्बम (जाड, लॅमिनेशन केलेल्या पानांचे), काचेच्या फ्रेमा, शाळेचे वर्गफोटो, सगळं एकात एक झालंय. लोकांनी भिजलेल्या गाद्यांबरोबर तेही बाहेर टाकले, त्यामुळे बहुतेकांचे मालक माहीत नाहीत.

गठ्ठे चिकटलेत. काही पिशव्यांना सडका वास येतोय. पाऊस उघडत नाही, वीज येते-जाते. मुलं नळाखाली धरून ब्रशने घासणार होती, त्यांना थांबवलंय. कुठल्या क्रमाने काय करायचं आणि नंतर परत कसे द्यायचे, जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

दप्तरदार (१ ऑगस्ट, रात्री १०.२५)

थांबवलंत ते फार योग्य केलंत. धुणं ही तिसरी पायरी. त्याआधी नोंद आणि वर्गवारी.

नोंद सगळ्यात महत्त्वाची का, ते आधी सांगतो. धुवायला थोडा उशीर झाला तर फोटोची कड जाईल, कदाचित एखादा चेहरा जाईल. पण कुठल्या गल्लीतून आला हे पुसलं गेलं, तर स्वच्छ धुतलेला फोटोही कायमचा अनाथ राहतो. एका पिशवीत सापडलेले फोटो बहुधा एकाच घरचे असतात. त्यातल्या एकाची ओळख पटली की बाकीच्यांची आपोआप पटते. म्हणून काळे-पांढरे इकडे, रंगीत तिकडे, लग्नाचे तिसरीकडे अशी विषयवार विभागणी अजिबात करू नका. ढीग सुबक दिसतील, पण घरं फुटतील.

प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या: भाग, गठ्ठा, फोटो. उदाहरणार्थ पेठ-१२-०३. वहीत लिहा: कुठली गल्ली, कुणाच्या दारासमोरचा ढीग, घरात सापडला की नदीकाठी, आणला कुणी, कोणत्या तारखेला, आणि सोबत काय होतं. सोबतची गोष्ट फार बोलकी असते: विजेचं बिल, लग्नपत्रिका, प्रगतिपुस्तक, दवाखान्याची फाइल. आधार कार्ड, सातबारा, बँकेची पासबुकं निघाली तर ती वेगळी काढून पोलीस ठाण्यात किंवा तलाठी कार्यालयात जमा करा, पण कुठल्या गठ्ठ्यातून निघाली ते वहीत राहू द्या.

क्रमांक फोटोवर लिहायचा नाही. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी गठ्ठ्याबरोबर ठेवा. पेनाची शाई ओलीने पसरते, आणि ओल्या फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला वळ उमटतो. चिठ्ठीसकट प्रत्येक गठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे काही बिघडलं तरी मूळ स्थिती हाताशी राहील.

मग ओले, दमट आणि वाळलेले असे तीन भाग करा. वाळलेल्यांना घाई नाही. ओले फोटो गढूळ पाण्यात राहिले तर कोकणच्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरतात. ती मुदत केव्हाच संपली, म्हणून जे ओले गठ्ठे लगेच धुऊन होणार नाहीत ते गोठवा. उणे १८ अंशाला बुरशी आणि जिवाणू दोन्हींचं काम थांबतं. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड गठ्ठा करू नका. जिथे सहज सुटतं तिथे मध्ये बटर पेपर घाला, ओढाताण नको. झिपच्या पिशवीत चिठ्ठीसह भरून आडवे ठेवा. विजेमुळे घरच्या फ्रीझरचा भरवसा नसेल तर मासळी किंवा आंब्याचा रस साठवणाऱ्या शीतगृहाला विचारा, जिल्ह्यात ती आहेत आणि त्यांना जनरेटर असतो. तिथवर थर्माकोलच्या मासळीपेटीत बर्फ घालून न्या. बर्फाचं पाणी पिशवीत शिरणार नाही एवढं बघा. काचेच्या निगेटिव्ह निघाल्या तर त्या मात्र गोठवायच्या नाहीत.

आणि निगेटिव्ह शोधा! तपकिरी पट्ट्या लोक केर म्हणून टाकून देतात. प्रिंट संपूर्ण गेली तरी निगेटिव्हवरून नवी करता येते. त्या प्लास्टिकच्या पाकिटात वाळल्या तर पाकिटाला चिकटून बसतात, म्हणून ओल्या असतानाच पाकीट कडेने कापून सोडवा.

जाड रबरी हातमोजे, बुरशी असेल तर एन-९५ मास्क. गाळात सांडपाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. हातापायाला जखम असलेल्याने हे काम करू नये. लेप्टोच्या (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

लालबत्ती (१ ऑगस्ट, रात्री ११.५०)

धुण्याबद्दल लिहितो.

फोटोतलं चित्र कागदावर नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. जिलेटिन पाण्याने फुगतं, उष्णतेने विरघळतं आणि जिवाणूंना ते खायला आवडतं. तो सडका वास त्याचाच. रंगीत प्रिंटमध्ये तीन थर असतात: वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाला पिवळा. खराबी वरून खाली जाते, म्हणून फोटो आधी तांबडा दिसू लागतो, मग पिवळा, शेवटी पांढरा कोरा. तांबडा भाग म्हणजे वरचा थर गेला, अजून दोन आहेत. पिवळा दिसला की शेवटचाच उरलाय. हे रंग वाचता आले की कुठला फोटो आधी हातात घ्यायचा ते कळतं. काळ्या-पांढऱ्या जुन्या प्रिंट त्या मानाने चिवट असतात, त्या थोडा वेळ थांबू शकतात.

आधी चाचणी. फोटोच्या अगदी कोपऱ्यावर, जिथे काही महत्त्वाचं नाही तिथे, ओलं बोट हलकेच टेकवा. रंग बोटाला आला किंवा बुळबुळीत लागलं तर तो फोटो पाण्यात घालायचा नाही. पाण्यात घातलात तर उरलेलं चित्र डोळ्यांदेखत वाहून जाईल. तो तसाच, चित्र वर करून सपाट वाळवा, आधी मोबाइलवर टिपून घ्या, आणि गाळ पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झटका.

चाचणीत टिकला तर तीन ट्रे मांडा. पाणी १८ ते २० अंशांपर्यंत असावं. चिपळूणच्या नळाचं पाणी आत्ता त्याहून कोमट असेल, तेव्हा बर्फ भरलेल्या बंद बाटल्या ट्रेमध्ये सोडा. तीस अंशांच्या वर ओलं जिलेटिन कागदावरून सरकू लागतं, म्हणून गरम पाणी कधीच नाही. पहिल्या ट्रेमध्ये गाळ सुटू द्या. दुसऱ्यात पाण्याखालीच बोटाच्या पेराने, मधून कडेकडे, हलक्या हाताने फिरवा. पाठीमागची बाजू आधी, चित्राची नंतर. तिसऱ्यात स्वच्छ पाणी, मिळालं तर फोटो-फ्लो (फोटो लॅबमध्ये शेवटच्या धुण्यात घालायचं द्रव), लिटरला ५ मिली. त्याने पाण्याचे डाग पडत नाहीत. साबण, शाम्पू, डेटॉल, मीठ काहीही नको. पहिल्या ट्रेचं पाणी गढूळ होताच बदला. एक फोटो एकूण दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात नको. ट्रेच्या तळाला प्लास्टिकची जाळी ठेवा आणि फोटो जाळीसकट उचला, कारण ओला फोटो कोपऱ्याला धरून उचलला की तिथेच फाटतो.

कडेचा भाग कुजून पांढरा-पिवळा लगदा झाला असेल तर तो पाण्याखाली पुसून काढून टाका. मन धजत नाही, पण तिथे चित्र उरलेलं नसतं आणि जिवाणू तिथूनच चेहऱ्याकडे सरकतात. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी असंच केलं: कड सोडली, चेहरे राखले.

चिकटलेले फोटो: अख्खा गठ्ठा थंड पाण्यात आडवा ठेवा. अर्ध्या तासाने बघा, मग दर अर्ध्या तासाने. वरचा स्वतःहून सुटू लागला की पाण्यातच सोडवा. नखाने किंवा सुरीने उकलू नका. तीन-चार तासांत सुटले नाहीत तर थांबा, वरचा दिसतो तेवढा मोबाइलवर टिपा आणि गठ्ठा गोठवून ठेवा. दोन फोटो समोरासमोर चिकटून वाळले असतील तर एकाचं चित्र दुसऱ्यावर जाण्याचा धोका नेहमीच असतो.

वाळवणं: पांढऱ्या कडेला प्लास्टिकचा चिमटा लावून नायलॉनच्या दोरीवर टांगा, दोन फोटोंत चार बोटं अंतर. पंखा भिंतीकडे तोंड करून, फोटोंवर थेट नको. एसी असेल तर ‘ड्राय’वर, खोली बंद. ऑगस्टच्या हवेत उघड्या खिडकीने काहीही वाळणार नाही, उलट ओल आत येईल. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांनी वरचा थर झटकन आकसतो आणि तडकतो. वर्तमानपत्रावर कधी ठेवू नका, अक्षरं उमटतात. प्लास्टिकचा पातळ थर असलेले नवे कागद काही तासांत वाळतात, जुन्या जाड कागदांना रात्र लागते आणि ते गुंडाळले जातात. पूर्ण वाळल्यावरच दोन टीपकागदांत घालून जड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवा.

पावसाळी (२ ऑगस्ट, सकाळी ७.१५)

तांदळाच्या डब्यात ठेवले तर ओल शोषली जाते ना? मोबाइल भिजला की तसंच करतात.

लालबत्ती (२ ऑगस्ट, सकाळी ८.०५)

पावसाळी, नको. ओल्या जिलेटिनला तांदळाचं पीठ चिकटतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पूर्ण वाळलेले फोटो डब्यात साठवताना सिलिका जेलच्या पुड्या घाला, त्या चालतात.

शिवनदी (२ ऑगस्ट, दुपारी १.३०)

मनापासून आभार. नोंदवही सुरू केली, काही गठ्ठे बर्फात घालून शीतगृहाकडे रवाना झाले. आता तीन गोष्टी अडल्यात. करिझ्मा अल्बमची पानं फुगून पांढरी पडलीत. काही फ्रेमांत फोटो काचेला चिकटलाय. आणि दोन मोठ्या तसबिरी हाताने रंगवलेल्या वाटतात, साडीचा रंग ब्रशचा आहे.

लालबत्ती (२ ऑगस्ट, दुपारी ३.१०)

करिझ्मा: पाण्यात बुडवायचा नाही. फोटो पुठ्ठ्यावर डकवून वरून लॅमिनेशन केलेलं असतं. पाणी कडेने आत शिरतं, लॅमिनेशनमुळे बाहेर पडत नाही आणि पुठ्ठा फुगतो. कटरने शिवणीच्या बाजूने पानं सुटी करा, प्रत्येक पान ओल्या फडक्याने टिपा (पुसा नव्हे, टिपा) आणि त्याच दिवशी चांगल्या कॅमेऱ्याने टिपून घ्या. पांढरटपणा वाढत जातो, म्हणून इथे कॅमेऱ्यात टिपणं हेच वाचवणं. मग पानं उभी, पंख्यासारखी उघडी ठेवा. मुखपृष्ठावर किंवा शेवटच्या पानावर स्टुडिओचं नाव असतं. अल्बम संगणकावर मांडलेला असतो, त्यामुळे स्टुडिओच्या किंवा छापणाऱ्या लॅबच्या हार्ड डिस्कवर फाइल शिल्लक असू शकते. सापडली तर अख्खा अल्बम नव्याने छापता येईल आणि मालकाचं नावही कळेल.

काचेला चिकटलेला फोटो: अजून ओला असेल तर मागचा पुठ्ठा काढा आणि काच-फोटो एकत्र थंड पाण्यात ठेवा, बऱ्याचदा तरंगून सुटतो. वाळला असेल तर हात लावू नका. काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवून स्कॅन करा, तोच खरा उपाय. जबरदस्तीने ओढलात तर नाक-डोळे काचेवर राहतील.

रंगवलेल्या तसबिरी: पाणी अजिबात नाही. जलरंग असतील तर एका थेंबाने वाहतात. सपाट वाळवा, मऊ ब्रशने धूळ काढा, बाकीचं काम संवर्धन शिकलेल्या माणसाकडे सोपवा. शाईच्या घरगुती प्रिंटरवर काढलेल्या फोटोंनाही हाच नियम. ओळखायचं कसं: लॅबच्या प्रिंटच्या पाठीवर बहुधा कोडॅक, फुजी, कोनिका असं फिकट छापलेलं असतं, आणि शाईच्या प्रिंटचे रंग ओलीने फुटून कडेला पसरलेले दिसतात.

स्कॅन पूर्ण वाळल्यावरच करा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. पाठही स्कॅन करा. फाइलचं नाव म्हणजे तुमचा क्रमांक, दुसरं काही नको. चेहरा ‘खुलवणारी’ मोबाइलवरची ॲप वापरू नका. ती नसलेले डोळे आणि दात कल्पनेने भरतात, आणि मुलीच्या हाती तिची आई म्हणून कुणी तिसरीच बाई जाते.

गोवळकोटकर (२ ऑगस्ट, रात्री ९.००)

ओळख पटवण्याबद्दल मी लिहितो, इथे गावाचं ज्ञान लागतं.

फोटोत माणसांपेक्षा मागचं जास्त बघा. लग्नात कार्यालयाच्या मंचावर दोन्ही घराण्यांची आडनावं थर्माकोलमध्ये लावलेली असतात. वर्गफोटोत पुढच्या मुलाच्या हातातल्या पाटीवर इयत्ता, तुकडी आणि साल असतं. शाळेच्या हजेरीपटाशी मेळ घातला की नावं मिळतात. शिमग्याचा फोटो म्हणजे खजिना. पालखीतली ग्रामदेवतेची रूपं गावागणिक वेगळी असतात. गुरव किंवा मानकरी बघताक्षणी गाव सांगतात, आणि पालखी ज्या अंगणात उतरलीय ते घरही बऱ्याचदा सांगतात. घरच्या गणपतीच्या फोटोत मखरामागची भिंत, देव्हाऱ्याचा कोपरा, खिडकीचे गज वर्षानुवर्षं तेच असतात, त्यावरून वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले फोटो एका घरचे ठरवता येतात. निकाहचे, ईदचे फोटो गोवळकोट, कालुस्ते भागांतल्या जमातीच्या जाणत्यांना दाखवा. बौद्धवाडीतले विहारात दाखवा. एकट्या मंडळाला सगळा तालुका ओळखता येणार नाही.

सापडल्या जागेचा अर्थ लावताना पाण्याची दिशा धरा. वाशिष्ठी पश्चिमेला गोवळकोटच्या खाडीकडे जाते. काचेच्या फ्रेमा आणि जाड अल्बम जड असल्याने सहसा घराजवळच गाळात बसतात. सुटे फोटो आणि प्लास्टिकचे हलके अल्बम तरंगत लांब जातात. म्हणजे गोवळकोटला सापडलेला सुटा फोटो बाजारपेठेतला किंवा खेर्डीचाही असू शकतो, तो फक्त गोवळकोटात दाखवून थांबू नका.

कोपऱ्यातली केशरी तारीख उपयोगी असते, पण पुष्कळ कॅमेऱ्यांत ती नीट लावलेली नसायची. साडी, केशरचना, गाडीची नंबरप्लेट यांच्याशी ताडून बघा.

दाखवायचं केव्हा? गणपती १० सप्टेंबरला आहेत. मुंबई-पुण्याचे चाकरमानी तेव्हा येतील, आणि जुने फोटो ओळखणारी थोरली माणसं त्यांच्याबरोबर येतात. मूळ फोटो मांडू नका. ए-फोर कागदावर आठ-दहा छोट्या प्रती, खाली क्रमांक, सापडल्या भागानुसार भिंतीवर. कोरोनामुळे गर्दी नको, म्हणून एकाच सभागृहाऐवजी वाडीवार दोन-दोन दिवस फिरवा.

पावसाळी (३ ऑगस्ट, सकाळी १०.२०)

एवढं कशाला? सगळे स्कॅन फेसबुकवर टाका, दोन दिवसांत मालक सापडतील. अमेरिकेत २०११ च्या टोर्नेडो वादळांनंतर अलाबामात फेसबुक पानावरूनच पुष्कळ फोटो परत गेले.

दप्तरदार (३ ऑगस्ट, दुपारी १२.१५)

गेले, हे खरं. तिथे वाऱ्याने फोटो शेकडो किलोमीटर लांब उडाले होते, दुसरा मार्गच नव्हता. इथे मालक बहुतेक पंचक्रोशीतलेच आहेत. घरातल्या फोटोंत आंघोळीची बाळं असतात, बाळंतिणी असतात, मोडलेली लग्नं असतात, आता हयात नसलेली माणसं असतात. त्यांना न विचारता ते जगासमोर ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि चेहरे उघडे दिसले की खोटे दावेदारही येतात.

जपानमध्ये रिको कंपनीने त्सुनामीतले सुमारे ४ लाख १८ हजार फोटो धुऊन, स्कॅन करून गावोगावच्या केंद्रांत शोधण्याची सोय केली. सुमारे ९० हजार परत गेले. एवढ्या शिस्तीने करूनही चौथ्या भागाहून कमी, हे लक्षात ठेवून वेळेचा अंदाज बांधा.

मधला रस्ता: फेसबुकवर फक्त कापलेला तुकडा टाका, देव्हारा, दारावरचं तोरण, मोटारसायकल, कार्यालयाचा फलक. चेहरे नाहीत. वाडीच्या व्हॉट्सॲप गटात दाखवायचे तर दोन जबाबदार माणसांमार्फत. चेहरे जुळवायला संगणकावर डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, ते इंटरनेटशिवाय चालतं.

देताना खातरजमा करा. दावा करणाऱ्याला त्याच गठ्ठ्यातला एखादा न दाखवलेला फोटो वर्णन करायला सांगा, किंवा त्याच माणसांचा दुसरा फोटो आणायला सांगा. वहीत सही घ्या. भावाभावांत दोन दावे आले तर मूळ फोटो कुणाला हे त्यांनाच ठरवू द्या, प्रत मात्र दोघांनाही काढून द्या. कुणाकडूनही पैसे घेऊ नका, प्रतीचेही नाही.

त्याच पावसात तळिये (महाड) आणि पोसरे (खेड) इथल्या दरडीत माणसं गेली. तिथले फोटो तुमच्याकडे आले तर ते भिंतीवर लावूच नका. सरपंचांना गाठून नातेवाइकांना घरी जाऊन द्या. हे काम सगळ्यांच्या आधी करा, कारण दिवसकार्याला तसबीर लावायला त्यांच्याकडे दुसरा फोटो नसेल.

शिवनदी (३ ऑगस्ट, रात्री ८.४५)

दरडीच्या भागातल्या एका गटाला आजच निरोप दिला, त्यांच्याकडचं सगळं वेगळं ठेवणार. शेवटची शंका: कुणीच न ओळखलेले फोटो किती काळ ठेवायचे?

दप्तरदार (३ ऑगस्ट, रात्री ९.३०)

निदान पुढचे दोन-तीन गणपती आणि शिमगे. पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीचं नको, ते चिकटतं. पाकिटं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह, पहिल्या मजल्याच्या वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. स्कॅनच्या दोन प्रती, त्यातली एक चिपळूणच्या बाहेर. वहीची झेरॉक्सही तिथेच. दर पावसाळ्याआधी डबे उघडून बुरशी तपासा आणि सिलिका जेल बदला.